रायपूरचा रोहू आणि माझी ब्लाउजची टेप

पौषात लग्नं नसतात, त्यामुळे माझं ब्लाउज शिवायचं दुकान थंड पडतं आणि मला कुठंतरी जायची हुक्की येते. त्या वर्षी मी आणि मैत्रीण महाबळेश्वरचं ठरवत होतो. तेवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीचा, वृंदाचा, फोन आला.

"ताई, रायपूरले येशीन का माह्यासंगं? मासोळ्या मोजायच्या आहेत."

वृंदा इथंच नागपुरात कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवते. माशांच्या अंगकाठीवर तिचं पीएचडीचं काम बरीच वर्षं चालू होतं आणि शेवटचं प्रकरण अडलं होतं. तळ्यात वाढलेला रोहू आणि नदीत वाढलेला रोहू, जात एकच, पण बांधा सारखा असतो का? वाहत्या पाण्यात सडपातळ अंगाचा मासा टिकतो, साचलेल्या पाण्यात रुंद अंगाचंही भागतं, आणि असंच पिढ्यान्‌पिढ्या चाललं तर एका जातीच्या दोन जाती होतात, असं ती मला भाजी निवडताना समजावून सांगायची. हे खरं आहे की नाही ते तिला मापं घेऊन दाखवायचं होतं. तिचे मार्गदर्शक सर त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते, म्हणजे मापं मिळवायची तर याच फेरीत. मी म्हटलं, येते. मापं घेण्यात माझा जन्म गेलाय, माशाचं काय घेऊन बसलीस.

नागपूरहून हावड्याकडे जाणारी बहुतेक कुठलीही गाडी रायपूरला थांबते. सकाळची पकडा, म्हणजे दरेकसाचं जंगल आणि बोगदा उजेडात बघायला मिळतो. डोंगरगडला टेकडीवरचं देऊळ खिडकीतूनच दिसतं, सगळा डबा हात जोडतो, आपणही जोडायचे. गोंदियापासून डब्यातली मराठी पातळ होत जाते आणि भिलाईची धुरांडी दिसू लागली की संपलीच असं वाटतं. पण रायपूर स्टेशनावर आमच्या समोरचे गृहस्थ बायकोला म्हणाले, "थैली घे ना वो, काहून पाहून राहिली?" आणि मला घरी आल्यासारखं वाटलं.

रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मंत्रालय एका जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत बसलं होतं. घरभाडी आणि रिक्षाचे दर मात्र लगेच राजधानीचे झाले होते. त्यामुळे रिक्षात बसण्याआधी ठरवून घ्या. आम्ही उतरलो चौबे कॉलोनीत, आत्याकडे. आत्याचे यजमान रेल्वेत होते, आता नाहीत. मुलगा नितीन नव्या सरकारात नोकरीला लागलाय. आत्या त्याच्याशी मराठीत बोलते, तो तिला हिंदीत उत्तर देतो, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

आत्याकडे मांसमच्छी चालत नाही. वृंदानं बर्फाची पेटी आत आणली तशी आत्यानं देवघरावर चादर टाकली.

"मासोळी घरात येऊन राहिली बाप्पा," ती म्हणाली. "मागच्या अंगणात काय करायचं ते करा. माह्या ओट्याले हात लावाल तर पाहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे आणि जिलबी खाऊन (रायपुरात हे दोन्ही एकाच कागदावर देतात, गोड-तिखटाचा विचार करत बसू नका) नितीनच्या मोटारसायकलवर मागे दोघी बसून गुढियारीला गेलो. रेल्वेला लागून दाट वस्ती, ट्रक, हमाल, धान्याची पोती आणि त्या सगळ्याच्या पोटात मासळीबाजार. वृंदानं मासेवाल्याला दहादा विचारून घेतलं की रोहू तळ्यातलाच ना. हिवाळा तिनं मुद्दाम निवडला होता, कारण पावसाळ्यात मादी अंड्यांनी फुगते आणि माप फसतं. मी सवयीनं पर्समधली टेप काढून एका रोहूवर धरली.

मासेवाला म्हणाला, "दीदी, मछली का ब्लाउज सिलवाओगे क्या?"

आजूबाजूचे सगळे हसले, मीही हसले. भाव मात्र त्यानं कमी केला नाही.

अंगणात प्लास्टिक अंथरून आम्ही बसलो. वृंदानं कामाची वाटणी केली. लांबी आणि पाठीपासून पोटापर्यंतची उंची मी घ्यायची. ती अंगावरच्या रेषेतले खवले सुईच्या टोकानं मोजणार आणि पोहायच्या परांमधले काटे. तिनं मला एक स्टीलचं पकडमाप दिलं, दोन जबड्यांमध्ये मासा धरायचा आणि आकडा वाचायचा. दोन माशांनंतर मी ते बाजूला ठेवलं. माझ्या हाताला टेप वळते. वृंदा खवल्यांत बुडालेली, मी आकडे सांगतेय, ती लिहितेय, ऊन पाठीवर, आतून आत्याच्या मिक्सरचा आवाज. इतकी निवांत सकाळ मला कितीतरी दिवसांत मिळाली नव्हती.

मोजलेले रोहू टाकून देणं जिवावर येत होतं, म्हणून शेजारच्या साहू दीदींना सगळे देऊन टाकले. त्यांच्याकडून संध्याकाळी ताटभर ठेठरी आली. बेसनाची, कडक, चहाबरोबर जरूर खा.

तिसऱ्या दिवशी राजिमला. छोट्या रेल्वेनं जा, घाई असेल तर जाऊ नका. शेतातली माणसं गाडीशी गप्पा मारू शकतील इतकी ती सावकाश चालते. महानदी हिवाळ्यात आटलेली, मैदानासारखी वाळू आणि मधून निळी धार. संगमावरच्या देवळापर्यंत वाळूतून चालत गेलो. कोळ्यांकडून नदीतले रोहू घेतले, बर्फात भरले आणि परतताना बस केली. पेटीचा वास सुटल्यावर आमच्या शेजारची सीट आपोआप मोकळी झाली.

घरी आल्यावर आत्याला पुरानी बस्तीत महामायेच्या दर्शनाला जायचं होतं, मी तिच्यासोबत गेले. वृंदा म्हणाली, हे मासे ती एकटीच मोजेल. आम्ही गल्लीबोळांतून फिरून, ओटी भरून, बांगड्या घेऊन दिवेलागणीला परतलो तर ही अंगणात कॅल्क्युलेटर घेऊन उभी आणि तोंडावर हसू मावत नाही.

"ताई, फरक आहे. लय मोठा फरक आहे. तळ्यातला रोहू लांबीच्या मानानं केवढा रुंद निघाला पाह्य. सरांना फोन करते."

मी तिला मिठी मारली. इतक्या वर्षांत कामावरून तिला मी रडताना पाहिलं होतं, असं नाचताना नाही. फोन करण्याआधी ती म्हणाली, "थांब, एक नियम पाळून घेते. दुसऱ्या माणसाच्या हातानं एकदा मोजून पाहायचं असते. हा नदीतला एक घे, उंची सांग."

मी टेप काढली, माशाच्या पाठीला टोक लावलं, अंगावरून फिरवत पोटापर्यंत आणली आणि आकडा सांगितला.

वृंदानं हळू विचारलं, "तू कालही असंच मोजलं का?"

"मग कसं मोजतात? टेप अंगाला लागून घ्यावी लागते. हवेत सरळ धरली तर ब्लाउज दंडात अडकतो."

"ताई, मासोळीले ब्लाउज नाही घालायचा. सरळ रेषेत पायजे. म्हणून तर पकडमाप दिलं होतं. काहून विचारलं नाही मले?"

टेप फुगीर अंगावरून वळसा घेऊन येते, त्यामुळे टेपनं मोजलेला माझा प्रत्येक रोहू होता त्यापेक्षा रुंद झाला होता. तिनं एकटीनं मोजलेले नदीतले सडपातळ, मी मोजलेले तळ्यातले जाडे. एवढा मोठा फरक त्यातून आला होता. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी तशीच चपला घालून शेजारी धावले.

साहू दीदी दारातच होत्या. "हव दीदी, सब्बो खा डारेन. अब्बड़ मिठाइस," त्या समाधानानं म्हणाल्या. सगळे खाऊन संपले होते, पुन्हा मोजायला एकही रोहू उरला नव्हता.

परत येऊन मी वृंदाला तोडगा सुचवला. माझी टेप किती जास्त दाखवते ते बघ आणि तेवढं सगळ्यांतून वजा कर. नितीनही म्हणाला, "हाँ दीदी, किसको पता चलेगा?" वृंदानं मान हलवली. जाड्या माशावर टेप जास्त वळते, बारक्यावर कमी, सगळ्यांतून सारखं वजा करता येत नाही. मग तिनं माझ्यासमोर नदीतले सगळे रोहू ठेवले आणि म्हणाली, "आता तुह्याच टेपनं हे सगळे मोज. चूक केवढी होते ते तरी मोजून ठेवू." मी मोजले. ती लिहीत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. जेवताना आत्यानं तिच्या पानात न विचारता आणखी एक फरा वाढला, तांदळाचा, वाफवलेला.

आमची परतीची गाडी दुपारची होती. सकाळी पुन्हा गुढियारी. मासेवाल्यानं मला ओळखलं, पण वृंदाचा चेहरा बघून थट्टा केली नाही. तळ्यातले नवे रोहू आणले आणि अंगणात तिनं एकटीनं, पकडमापानं, एकेक करून सगळे मोजले. मी फक्त लिहिलं. आकडेमोड झाली तेव्हा फरक उरला होता, पण इवलासा. आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर कोणी भांडणार नाही.

"जेवढा आहे तेवढाच लिहीन," वृंदा म्हणाली आणि पेटी धुवायला गेली. मोजलेले रोहू पुन्हा साहू दीदींकडे. आत्यानं देवघरावरची चादर काढली, आमच्या हातावर दही-साखर ठेवली, आणि डब्यात शंकरपाळ्यांसारखी गोड खुर्मी बांधून दिली, जी डोंगरगडपर्यंतसुद्धा पुरली नाही.

रायपूरला जाणार असाल तर जा. हिवाळ्यात जा, ऊन सोसेल असं असतं. आत्या नसेल तर स्टेशनाजवळ साधी, स्वच्छ लॉजं आहेत. राजिमची वाळू चुकवू नका.

प्रबंध झाला तेव्हा वृंदानं मला ते शेवटचं प्रकरण दाखवलं. त्यात एक वाक्य आहे, तिनं मराठीत सांगितलं: दोन पाण्यांतल्या माशांमध्ये जेवढा फरक आढळला, त्याहून जास्त फरक मोजणाऱ्या दोन व्यक्तींमध्ये आढळला. त्याखाली माझ्या टेपचे सगळे आकडे छापले आहेत, तिच्या आकड्यांशेजारी. सरांना प्रबंधातलं तेच पान सगळ्यात जास्त पटलं म्हणे. मी हसले आणि म्हटलं, बघ, माझ्या चुकीचं पण सोनं झालं.

वृंदा हसली नाही. "ताई," ती म्हणाली, "तो मोठा फरक मले लय आवडला होता. त्या संध्याकाळी फोन हातात होता. दुसऱ्या हातानं मोजायचा नियम मी न पाळता सरांना फोन लावणारच होती."

मी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.