चटईतून निघालेली पाल

नवरा बोटीवरून घरी आला की तोंडवळीच्या बायका आधी त्याचं तोंड बघत. मी आधी त्याचं सामान बघायचे. शिरोड्याच्या एका खलाशाचं मलायात दुसरं घर निघालं होतं, तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. त्यात आम्हाला मूल नव्हतं आणि नवऱ्याची पत्रं आटत चालली होती. सासू म्हणायची, "दर्यार पोस्ट खंय आसता गो?" मला ते पटत नसे.

साठ सालच्या आसपास तो वेताच्या चटईची जाड गुंडाळी घेऊन आला. म्हणाला, मोंबासाला घेतली. बोट म्हणे सारखी आफ्रिकेच्याच फेऱ्या मारत होती. गुंडाळी सोडली तर आतून वीतभर पाल निघाली. निळसर राखी अंग, वर केशरी ठिपके, पिवळे डोळे. "शिरा पडो तिच्या तोंडार!" मी किंचाळले, तोवर ती आढ्याला पोचली होती.

संध्याकाळी जेवताना तो मोंबासाच्या गोष्टी सांगत होता, तोच वरून "टोक्के, टोक्के" असा ओरडा आला. सासूने जमिनीवर बोटं वाजवली. "बघ, पाल बोलली! खरा सांगता माझो झील." आमच्याकडे बोलता बोलता पाल चुकचुकली की ते बोलणं खरं ठरतं. झालं, लागला निकाल! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुठची कोण ही पाल, आणि साक्ष हिची घ्यायची?

दोन दिवसांनी मी तिला सुपाखाली दाबली आणि बिस्किटांच्या डब्यात कोंबली. मेलीने अंगठ्याला असा चावा घेतला की सोडता सोडेना. भावाला बरं नाही असं घरी सांगून मी होडीने खाडी ओलांडली आणि मालवण गाठलं. धाकटा भाऊ तिथे हायस्कुलात शास्त्र शिकवायचा.

त्याने तिला काचेच्या बरणीत सोडलं. ती काचेवर चढली तशी त्याने भिंग लावून तिची बोटं खालून बघितली. "आपल्या पालीच्या बोटाखालच्यो पट्ट्यो मधी दुभंगलेल्यो आसतत, ताई. हिच्यो सलग आसत. अंगठ्याक नखय नाय." मग ठिपके बघितले, मग जाडजूड पुस्तक काढलं. माझा धीर सुटला.

"रे, आफ्रिकेतली आसा काय, तेवढा सांग!"

"नाय गो. ब्रह्मदेश, सयाम, मलाया, थंयची ही. घरातच रवता."

जात सापडली म्हणून तो खुशीत होता, आणि मला शिरोड्याचा तो खलाशी आठवत होता. माझं तोंड बघून तो घाईघाईने म्हणाला, "चटई फिरत फिरत मोंबासाक इली असात." परतताना होडीत मी तेवढंच घोकत होते. असेल बाई, तसंही असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्याला भात वाढताना मी सहज बोलल्यासारखं केलं, "ती पाल भावान ठेवन घेतल्यान. विषारी आसा म्हणता."

तो मोठ्याने हसला. "खुळो आसा तुझो भाव! थंय घराघरात आसतत. धाकट्या चेडवाक तर तिचो आवाज आयकल्याशिवाय झोप येणा नाय..."

मुलीबद्दलचं पुढचं बोलणं त्याने गिळलं. सासूचा घास हातातच राहिला.

"केवढा झाला चेडू?" मी विचारलं.

त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "चार वर्षांचा."