चौथ्यांदा उघडलेला कल्ला

दारव्ह्याच्या बाजारात एक मासोळीवाली बसते. नाव मी कधी विचारलं नाही. कुणी "ताजी आहे का?" म्हटलं की ती अंगठ्यानं कल्ला उघडून आतला लाल रंग दाखवते, जणू शंका घेणाऱ्यालाच लाजवते.

मी औषधशास्त्राचा मास्तर. एकदा तिथंच वर्ग भरवला, "बाई, मासे टिकवायला बर्फात अँटिबायोटिक घालून पाहिलं होतं. मेंदूतल्या प्रथिनांची घडी बिघडली की माणूस विसरायला लागतो, त्यावरही आता तसलंच औषध तपासून पाहताहेत."

ती हसली. "मासोळी तं दुपारलोक खपते, सर. तिले कायले औषध? माणसालेच द्या."

शेजारी उभ्या असलेल्या माझ्या बाबांनी चौथ्यांदा विचारलं, "ताजी आहे का?"

तिनं चौथ्यांदा, पहिल्याइतक्याच ठसक्यात, कल्ला उघडला.