फोटोपुढची शेवंती

लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मैत्रिणीच्या धाकट्या भावाला तिच्या देशात फाशीची शिक्षा झाली होती. त्याने मोर्चात घोषणा दिल्या होत्या, एवढंच. आरोप मात्र पोलिसाच्या खुनाचा. कबुलीजबाब मारझोड करून घेतलेला, वकील सरकारनेच नेमलेला आणि खटला एका दुपारी उरकलेला. देशाचं नाव लिहीत नाही. तिचे आईवडील अजून तिथेच आहेत.

दर शनिवारी ती इथे जपानमध्ये, ग्योतोकु स्टेशनबाहेर भावाचा मोठा फोटो घेऊन उभी राहायची. सोबत चार वयस्क जपानी बायका. त्यांचा निषेध म्हणजे काय सांगावं! रीतसर परवानगी काढायची, कडेला उभं राहायचं आणि वर येणाऱ्याजाणाऱ्यांचीच माफी मागायची. माझं डोकंच फिरायचं. इथे पोराचा जीव जायची वेळ आली आणि यांचे वाकून नमस्कार चाललेत! पण थंडी असो, पाऊस असो, त्यांचा एक शनिवार चुकला नाही.

त्या वर्षी आई पुण्याहून माझ्याकडे आली होती. हकिकत ऐकून म्हणाली, "मग आपणही जाऊ."

"अगं, तुला भाषा कुठे येते?"

"उभं राहायला भाषा कशाला लागते?"

त्या शनिवारी आम्ही उभ्या होतो, तेव्हा एक आजोबा फोटोपाशी थांबले. फोटोखालची पाटी न वाचताच समोरच्या सुपरमार्केटात गेले, पांढऱ्या शेवंतीचा गुच्छ आणून फोटोपुढे ठेवला आणि डोळे मिटून हात जोडले. पांढरी शेवंती इथे मयताला वाहतात. मैत्रिणीचा चेहरा पांढराफटक पडला.

आईने वाकून गुच्छ उचलला. "अहो, तो आहे! अजून आहे तो!" ती मराठीत ओरडली. तो जिवंत आहे, हे मी घाईघाईने जपानीत सांगितलं. आजोबा लाल झाले, पुन्हा पुन्हा वाकून माफी मागू लागले.

"राहू दे, फुलं छान आहेत," असं म्हणत आईने एक फूल मैत्रिणीच्या केसांत खोचलं, एक स्वतःच्या अंबाड्यात. मैत्रिणीने विचारलं, "मघाशी काय ओरडल्या त्या?" मी अर्थ सांगितला. 'आहे' हा एक मराठी शब्द ती दिवसभर घोळवत होती.

आजोबा गेले नाहीत. फोटोची एक बाजू धरून शेवटपर्यंत उभे राहिले, आणि पुढच्या शनिवारीही आले. त्यांचे आणि त्या बायकांचे उपकार मी विसरणार नाही. परक्या देशातल्या, कधी न पाहिलेल्या पोरासाठी कोण एवढं करतं?

आई पुण्याला परतल्यावर, वसंतात एका सकाळी लॅबमध्ये तिचा फोन वाजला. वरच्या कोर्टाने फाशी रद्द केली होती. खटला नव्याने चालणार होता. तो अजून तुरुंगातच होता, पण होता. ती हुंदके देत माझ्याकडे आली आणि म्हणाली, तुझ्या आईला फोन लाव.

मी लावला. ती ओरडली, "आई, आहे!"

पलीकडून आई म्हणाली, "आहेच मुळी!"