सगळं पुणं उजवीकडे

"हे चॅपल इथे कसं आलं?" सिस्टर इमेल्डांनी कागदावर बोट ठेवलं.

चॅपल म्हणजे आमच्या शाळेतलं लहानसं प्रार्थनाघर. बास्केटबॉल कोर्टाच्या पायऱ्यांवर मुली बसल्या की ते त्यांच्या डाव्या हाताला येतं. आठवीतल्या तेजलने आपल्या नकाशात ते उचलून उजव्या हाताला, थेट रस्त्यावर नेऊन ठेवलं होतं.

"चुकलंय, सिस्टर."

"ते मलाही दिसतंय. पुढच्या शनिवारी क्लब्जचं प्रदर्शन आहे, पालक येणार. कॅथलिक शाळा आहे आपली. निदान चॅपल तरी सापडायला हवं."

सिस्टर आमच्या प्रिन्सिपल. मूळच्या वसईच्या, त्यामुळे मराठी घरचं. टोमणे मात्र पुण्यात आल्यावर शिकल्या.

"तिच्या क्लास टीचरचीही तक्रार आहे," त्या म्हणाल्या. "हाक मारली तर बघत नाही, विचारलं तर भलतंच उत्तर. जानेवारीपासून तिला क्लबमधून काढू. त्या तासाला एक्स्ट्रा कोचिंगला बसेल."

मी मान डोलावली. खोटं कशाला सांगू? त्या मुलीचे तीन नकाशे मीच लाल पेनाने 'दिशा चुकली' लिहून परत केले होते.

मी भूगोल शिकवते. आमची शेती वाघोलीच्या अलीकडे होती, आता तिथे टॉवर आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारता सांगते. शाळेत प्रत्येक टीचरला एक क्लब घ्यावा लागतो. नाटक, क्वायरचं समूहगान, डिबेट हे सगळं कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या टीचर्सनी आधीच घेतलं होतं. मला ना गाणं येतं, ना नाच. पण लहानपणी मळ्यात आडवी पडून कुणाची मोटर सुरू झाली आणि कुणाची बंद पडली, ते मी डोळे मिटून सांगायची. म्हणून मी सिस्टरना म्हणाले, ऐकण्याचा क्लब घेते.

"मुलींना ऐका म्हणून दिवसभर ओरडतोच की आपण. त्याला क्लब कशाला?"

"ओरडून ऐकत नाहीत, म्हणूनच."

काम अगदी साधं. कागदाच्या मध्यभागी फुली मारायची. फुली म्हणजे आपण. दहा मिनिटं डोळे मिटायचे आणि मग जो आवाज जिकडून आला तिकडे त्याची खूण करायची. याला ध्वनिनकाशा म्हणतात, मुली 'साउंड मॅप' म्हणतात. नियम एकच: माहीत आहे ते काढायचं नाही, ऐकू आलं ते काढायचं.

शुक्रवारची शेवटची तासिका. डिसेंबरातलं पातळ ऊन. तेवीस मुली पायऱ्यांवर डोळे मिटून बसलेल्या. पहिलं मिनिटभर खुदुखुदू चालतं. मग ते विरतं, आणि त्याच्यासोबत शाळाही विरायला लागते. आधी भिंती जातात, मग गेट, मग पायाखालची पायरी. उरतात ते नुसते आवाज, पाण्यावर तरंगल्यासारखे. चॅपलमध्ये क्वायर एकच ओळ घोळवत असतो. कुठेतरी कुणी चादर झटकतं. पारवा घुमतो आणि मध्येच विसरतो. रस्त्यावरचा हॉर्नसुद्धा इथवर येईतो मऊ झालेला असतो. मीही डोळे मिटते. अशा वेळी आपण चाळीस वर्षांच्या आहोत की नऊ, आणि हे कोर्ट आहे की मळा, ते चटकन आठवत नाही. मुलींचे चेहरे तेव्हा झोपलेल्या लेकरांसारखे दिसतात. तेजलचा सगळ्यांत जास्त.

अशा मुलीचं लक्ष नसतं हे मला पटत नव्हतं. पण नकाशा चुकीचा होता, त्याला काय करणार?

सिस्टर बोलल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला मी शेवटची संधी दिली. पायऱ्यांवर सातवीच्या मुली डबे खात होत्या, म्हणून तिला समोरच्या कट्ट्यावर बसवलं. म्हणजे तोंड बरोबर उलट दिशेला. आता चॅपल तिच्या उजव्या हाताला आलं. दहा मिनिटांनी तिने कागद दिला. चॅपल उजवीकडे! मी तसाच तो ऑफिसात नेला.

"आलं जागेवर," सिस्टर म्हणाल्या. "लावा हाच."

खरं तर विषय तिथेच संपायचा.

संध्याकाळी सॉफ्ट बोर्डवर तो कागद टाचताना मी सहज जुना कागद शेजारी धरला. जुन्यात रस्ता उजवीकडे होता, ते बरोबर. नव्यात ती उलटी बसली होती, तेव्हा रस्ता डावीकडे जायला हवा. गेला नव्हता. रस्ताही उजवीकडे, कँटीनही उजवीकडे, पारवाही उजवीकडे. डावी बाजू कोरी. मुलगी कुठेही तोंड करून बसो, सगळं पुणं तिच्या उजव्या हाताला!

चूक असती तर कधी इकडे झाली असती, कधी तिकडे. ही दर वेळी एकाच बाजूला होत होती.

सकाळी प्रार्थनेआधी तिला कोर्टावर नेलं. "डोळे मीट. टाळी कुठे वाजली ते बोटाने दाखव."

मागे वाजवली, तिने उजवीकडे दाखवलं. डावीकडे वाजवली, तरी उजवीकडे. मग मी तिला उजव्या कानावर हात घट्ट दाबायला लावला आणि डाव्या बाजूने तिचं नाव घेतलं. साध्या आवाजात, दोनदा.

ती शांत उभी. मग म्हणाली, "मिस, बोला ना."

मी तिचा हात खाली घेतला. "तेजल, डाव्या कानाने ऐकू येत नाही तुला?"

"तो झोपायचा कान आहे ना, मिस."

"म्हणजे?"

"उजव्या कुशीवर झोपलं की सगळं बंद होतं. पप्पांचा टीव्ही, कुत्री, सगळं. मग मस्त झोप लागते." तिने माझ्याकडे बघितलं. "तुमचा कुठला आहे?"

तिच्या आईला बोलावून घेतलं. वडील खडकीच्या फॅक्टरीत. तिथेच क्वार्टर्समध्ये राहतात, मूळचे भंडाऱ्याकडचे. आई खुर्चीच्या कडेला टेकली. "चार वर्षांची होती तेव्हा गालगुंड झाले होते जी मॅडम. पण मग बरी झाली. रस्ता क्रॉस करताना दोन्हीकडे दहा वेळा बघते. मला वाटे, पोरगी किती शहाणी."

कानाच्या डॉक्टरांनी तिला बंद खोलीत बसवून, एकेका कानाला बारीक आवाज ऐकवून तपासणी केली. गालगुंडात कधी कधी एका कानाची नस कायमची जाते. डावा कान गेलेला होता, औषधाने परत येण्यासारखा नव्हता. उजवा उत्तम. आवाज कुठून येतो ते कळायला दोन्ही कान लागतात. एकच असला की सगळं त्याच बाजूने आल्यासारखं वाटतं.

वर्गात तिची जागा उजव्या भिंतीला लागून होती. चांगला कान भिंतीकडे, गेलेला कान वर्गाकडे. तिला डाव्या टोकाच्या रांगेत, पुढे बसवलं. क्लास टीचरची तक्रार आठवडाभरात थांबली.

सिस्टरनी दोन्ही नकाशे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"मी तिला कोचिंगला बसवणार होते."

"मी मान डोलावली होती, सिस्टर."

"दोन्ही लावा. तिची हरकत नसेल तर." मग चष्मा काढून म्हणाल्या, "चॅपल आहे तिथेच राहू दे."

तेजलची हरकत नव्हती. प्रदर्शनाच्या दिवशी ती आपल्या नकाशांशेजारी उभी होती. एक पालक तिच्या डाव्या बाजूला आले, वाचून म्हणाले, "चुकलाय हा." ती गप्प. "अगं बाळ, तुझ्याशी बोलतोय मी."

तिला चाहूल लागली. वळून तिने उजवीकडची जागा दाखवली. "काका, इकडून बोला. तिकडचा कान झोपलाय."

ते गृहस्थ निमूटपणे फिरून इकडे आले.

रात्री बाकीच्या बावीस जणींचे नकाशे मी पुन्हा काढून बघितले. सगळ्यांत चॅपल डावीकडे, रस्ता उजवीकडे, कँटीन मागे. अगदी बरोबर. निम्म्या जणींनी तर ज्या दिवशी क्वायरला सुट्टी होती त्या दिवशीही चॅपलमध्ये गाणं काढलं होतं. म्हणजे त्यांनी माहीत होतं ते काढलं. माझा नियम एकीने तंतोतंत पाळला आणि लाल पेन तिच्यावरच चाललं.

तो क्लब मी अजून घेते. लाल पेन मात्र त्या तासाला स्टाफरूममध्येच ठेवून जाते.