ऐकण्याचा खर्च

शेतातला ओलावा मोजणारं छोटं यंत्र टेबलावर उघडं पडलं होतं. वर्षभर चालायला हवी ती बॅटरी आठवड्यातच संपली होती. त्यातली रेडिओची चिप दिवसातून एखाद्या वेळी निरोप पाठवते, मग एवढी वीज गेली कुठे? शोधण्यात सगळी दुपार गेली. निरोप गेल्यावर चिपला झोपवायची सूचनाच प्रोग्राममध्ये राहून गेली होती. कुणाची तरी हाक येईल म्हणून ती बिचारी अष्टौप्रहर कान लावून बसली होती. आणि हिला नुसतं ऐकत राहायलाही जवळजवळ बोलण्याइतकीच वीज लागते.

संध्याकाळी दमूनच घरी आलो. माझी आई अंथरुणाला खिळली आहे. तीही दिवसातून एखाद्या वेळीच हाक मारते. तिच्या दाराशी खुर्चीत माझी बायको, सुमा, बसली होती.

"दिवसभर बसूनच तर असते," ती म्हणाली, "तरी इतकं का दमायला होतं, कळत नाही."

मी तिला उठवून आतल्या खोलीत नेलं, पंखा लावला.

"आईंनी हाक मारली तर?"

"आता मी ऐकतो. तू झोप."

दार ओढून मी खुर्चीत येऊन बसलो. खुर्ची अजून गरम होती.