ओरिएले पुन्हा झिलईवर

ओरिएले बांदिनीची अध्यक्षपदाची मुदत संपली आणि दुसऱ्या सकाळी ती फरशांना झिलई देण्याच्या सरकत्या पट्ट्यापाशी येऊन उभी राहिली. आमच्या सहकारी कारखान्यात तशी रीतच आहे. फरशा भाजणारे आम्ही आणि मालकही आम्हीच. सभेत हात वर करून आमच्यातलाच एक अध्यक्ष निवडतो, आणि मुदत सरली की तो आपल्या जुन्या कामावर परततो. कुणी भट्टीवर, कुणी साच्यांवर. खुर्ची वर ऑफिसात राहते, माणूस जिना उतरतो.

पण ओरिएले उतरली तेव्हा तिच्यामागून सगळा कारखाना खाली आला.

त्यालाही कारण होतं. ती अध्यक्ष असताना एका हिवाळ्यात मागणी आटली. शेजारच्या इमोला शहराकडचे दोन कारखाने बंद पडले. तिने कुणालाच घरी पाठवलं नाही. सगळ्यांचे तास कमी केले, पहिल्यांदा स्वतःचे. लोक चिडले, सभेत तिला नको नको ते बोलले. ती भिंतीला पाठ टेकून ऐकत राहिली. वसंतात ट्रक पुन्हा फाटकाशी लागले, तेव्हा त्याच लोकांना वाटू लागलं, की हिच्या डोळ्यांसमोर आपलं काही वाईट होणार नाही. असा विश्वास माणसाला चिकटतो. मातीसारखा, वाळल्यावर तर जास्तच.

भट्टीवाला लेआर्को रोज सकाळी वर नव्या अध्यक्षाकडे, लोरिसकडे, जायच्या ऐवजी तिच्यापाशी थांबायचा.

"अध्यक्षीणबाई, मागचा पट्टा अडकतोय. काय करू?"

"मला काय विचारतोस? लोरिसला विचार की," ती म्हणायची, आणि त्याच दमात, "आधी रूळ साफ कर, मग बघू."

"झालं! म्हणजे आता लोरिसला काय विचारू, त्याची तब्येत?"

आम्ही पॅकिंगवाल्या हसायचो. ओरिएलेसुद्धा हसायची.

नवा अध्यक्ष लोरिस रावायोली हा यंत्रदुरुस्तीतला माणूस. सरळ, कमी बोलणारा. तो काही सांगायला खाली यायचा तेव्हा ते काम एक तर झालेलं असायचं, नाही तर ओरिएलेच्या सांगण्यावरून वेगळ्याच रीतीने चालू असायचं. एकदा जेवणाच्या टेबलावर तो ओरिएलेच्या आणि माझ्यासमोर बसला. त्याच्या ताटात पियादिनाची पोळी गार होत होती.

"ओरिएले, मी वसंतातल्या सभेत सांगणार आहे, दुसरं कुणी बघा म्हणून."

"का रे?"

"का म्हणजे? तुला ठाऊक नाही?"

तो उठून गेला. पियादिना तशीच राहिली. लोरिस गेला तर सभेत कुणाचं नाव येणार हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी तिच्याकडे पाहिलं. "बिचारा," ती म्हणाली. पण तिच्या गालांवर अशी तकाकी चढली होती, की मला नजर वळवावी लागली.

दर वर्षी बोलोन्याच्या विद्यापीठातून पहिल्या वर्षाचे विद्यार्थी येतात, व्यवस्थापनाची मूलतत्त्वं शिकणारे. त्यांच्याशी बोलायचं काम वर्षानुवर्षं ओरिएलेचं. लोरिस म्हणाला, यंदाही तूच बोल, तुला जमतं. जेवणघरात ती उभी राहिली आणि छान बोलली. "एका माणसाला एकच वरिष्ठ असावा. दोघे झाले की काम करणाऱ्याची ओढाताण होते आणि चुकीला धनी उरत नाही. ज्याच्या हातात अधिकार, त्याच्याच डोक्यावर जबाबदारी." पोरं भराभर लिहीत होती.

मग ती पोरं कारखाना बघायला निघाली. भट्टीपाशी एका मुलीने लेआर्कोला विचारलं, "तुमचे वरिष्ठ कोण?"

"लोरिस."

"आणि भट्टी बिघडली तर कुणाला सांगता?"

"ओरिएलेला."

"पण त्या तर फरशांना झिलई देतात ना?"

"हो," लेआर्को म्हणाला, "फावल्या वेळात!"

सगळे मोठ्याने हसले. लोरिस घोळक्याच्या मागे उभा होता. तो बराच वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. आणि ओरिएले, जी या विनोदावर रोज हसत आली होती, ती हसली नाही. ती त्या बुटांकडेच बघत होती.

संध्याकाळी आम्ही दोघी एकाच गाडीतून घरी परतताना ती म्हणाली, "मी त्याला खाली ढकलतेय. आणि मला ते आवडतंय गं." नदीकाठची झाडं मागे जात राहिली.

थोड्याच दिवसांनी समुद्रकाठच्या रिमिनीतल्या एका हॉटेलच्या फरशा भट्टीत जायच्या होत्या. पर्यटकांचा हंगाम तोंडावर आलेला, हॉटेलवाल्याचे फोनवर फोन. हवा दमट होती. लेआर्को नेहमीप्रमाणे तिच्यापाशी आला.

"माल ओला वाटतोय. भट्टीत घालू का थांबू?"

तिने फरशीवर हात ठेवला. तिला काय करावंसं वाटलं ते तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तिचे ओठ उघडलेसुद्धा.

"तुला ओला वाटतोय ना?" ती म्हणाली. "मग वर जा आणि त्याला सांग."

"अगं, तू फक्त हो किंवा नाही म्हण."

"नाही म्हणत. आणि होही नाही म्हणत."

"काय डोकंबिकं फिरलंय का तुझं? माल फुटेल!"

"लेआर्को, जा."

तो बडबडत जिना चढला. लोरिस खाली आला, फरशा हाताळल्या, लेआर्कोला दोनचार प्रश्न विचारले. एवढा वेळ त्या दोघांना एकत्र बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मग तो म्हणाला, "अर्धा घाल. अर्धा सुकू दे." ओरिएले पट्ट्यावरून मान वर न करता झिलई ओतत राहिली. तिने सगळाच माल थांबवला असता. हे मला तिने नंतर सांगितलं, लोरिसला कधीच नाही.

भट्टीत गेलेल्यांतल्या बऱ्याच फरशा तडकल्या. हॉटेलवाला भडकला, पण राहिलेला माल घेऊन गेला.

वसंतातल्या सभेत मागून कुणीतरी ओरडलं, "ओल्या फरशा भट्टीत घालायचं कुणाच्या डोक्यातून निघालं?" लोरिस उठला. "माझ्या. लेआर्कोने माल ओला आहे म्हणून सांगितलं होतं. घालायचा निर्णय माझा." दुसरं कुणी बघा, हे मात्र तो म्हणाला नाही. तेवढ्यात दुसऱ्याने हाक दिली, "ओरिएले, तूच ये बाई परत!" टाळ्या पडू लागल्या. ती उठली, आणि टाळ्या वाढल्या.

"तुमचा अध्यक्ष तिथे उभा आहे," ती म्हणाली. "त्याला विचारा, पुढच्या वेळी काय करणार." आणि ती खाली बसली. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेआर्को आला. पट्ट्याजवळ त्याची पावलं जराशी मंदावली. तिने मान वर केली, तो काही विचारेल म्हणून वाट पाहिली. त्याने नमस्काराला नुसती मान लववली आणि तो जिना चढून गेला. वर लोरिसच्या ऑफिसचं दार उघडल्याचा, मग लागल्याचा आवाज झाला. पट्ट्यावरून तिच्यापुढे एक फरशी झिलईविना कोरडीच निघून गेली. दुसरी आली, तिच्यावर तिने झिलई ओतली.