केझाया मावशीने टिपलेलं रक्त

माझ्या केझाया मावशीने गावातली साठेक प्रेतं धुतली असतील. हनुवटी कशी बांधायची, कफन कसं शिवायचं, सगळं मी तिच्याकडूनच शिकले. जिवंत माणसांशी मात्र तिचं फारसं जमायचं नाही. "मेलेले मध्ये बोलत नाहीत," म्हणायची.

सतराशे पंचाहत्तरच्या एप्रिलमध्ये इंग्रज राजाचे लाल कोटवाले शिपाई आमचा दारूगोळा जप्त करायला कॉन्कर्डला आले आणि पुलावर मार खाऊन बॉस्टनकडे पळाले. वाटेतल्या प्रत्येक दगडी बांधाआडून आमची माणसं त्यांना टिपत होती. मावशीचा एकुलता एक लेक असाहेल, वय वर्षं चोवीस, तोही गेला होता. बंदूक नव्हती म्हणून कुऱ्हाड घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधाशी पडलेला एक लाल कोटवाला मावशीच्या कोठारात आणून टाकला. गोळी मांडीत होती, पण कपाळ फुटलेलं. पडलेल्या जखमी माणसाला कुणीतरी कुऱ्हाडीने संपवलं होतं.

चर्चचे कारभारी फासेट दारातच उभे राहिले. "केझाया, आपल्याला रानटी म्हणतायत सगळे. दुपारी गावातल्या पुरुषांना ओळीने प्रेताला हात लावायला लावतो. सापडेल त्याला आपणच फासावर देऊ."

खुन्याचा हात लागला की प्रेताला पुन्हा रक्त फुटतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"आधी धुऊ तर द्या. की तुम्हीच धुता?" मावशी म्हणाली. फासेट अंगणात गेले.

धुऊन झाल्यावर प्रेत फळीवर घ्यायला तिने असाहेलला हाक मारली. त्याने पाय धरले. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्या गार, पुसून कोरड्या केलेल्या कपाळावरून ताजं रक्त हळूच कानाकडे ओघळलं. कोपऱ्यातल्या गाईने रवंथ करणं थांबवलं.

मावशीने जखमेवर तळवा दाबला. "हल्डा, फडकं दे."

"आई, तो पाणी मागत होता," असाहेल म्हणाला. "मी घाबरलो गं."

"घरात जा."

तासाभरात तिने प्रेत तोंडासकट कफनात शिवून टाकलं. "वास सुटलाय. आत्ताच पुरा," तिने फासेटना सांगितलं. ते कुरकुरले, पण पुरलं. फडकं तिने चुलीत घातलं.

पुढे चौदा वर्षं तिने असाहेलला जेवायला वाढलं, त्याचे सदरे शिवले, पण त्याचा हात स्वतःच्या अंगाला कधी लागू दिला नाही. ताटसुद्धा सरकवून द्यायची. मला राग यायचा तिचा. वाचवलंस ना त्याला, मग जवळही घे की बाई.

जायच्या आदल्या दिवशी तिने मला बोलावलं. "मी गेले की त्याला माझा हात धरू दे. निदान मला तरी त्याने मारलं नाही, एवढं कळू दे त्याला."

तिला धुतल्यावर मी असाहेलला आत घेतलं. त्याने डोळे गच्च मिटले आणि चौदा वर्षांनी आईचा हात धरला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. नाकपुडीतून एक लाल थेंब आला आणि ओठावर उतरला.

"आलं का गं, हल्डा?"

मी फडक्याने पटकन टिपून घेतलं, तिने शिकवलं होतं तसंच.

"काही नाही आलं, दादा. बघ हवं तर."

त्याने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि ढसाढसा रडला. फडकं माझ्या खिशात होतं, अजून ऊन.